खळीच्या साडीचा आवाज

मुलांनो, आज साडीला खळ घातली आणि तो पेजेचा वास येताच मी लष्कर भागातल्या अंध मुलांच्या शाळेत जाऊन पोचले. मीरा, नोकरीच्या मुलाखतीत तळमळ कशी दाखवायची, असं तू काल फोनवर विचारलंस ना, म्हणूनही असेल.

शिक्षिकेची एकच जागा होती आणि उमेदवार आम्ही दोघी, मी आणि खासगी बाजार मोहल्ल्यातली कुसुम. मी कडक खळीची खादी नेसले होते, सेवाभावावरची इंग्रजी वाक्यं पाठ केली होती. ती नोकरी मला अगदी मनापासून हवी होती. मोठ्या बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मुलाखतीआधी आम्हाला वर्गात नेलं. मी आत जाऊन ताठ उभी राहिले. मागून कुसुम आली ती बोलतच, "मैं कुसुम. दरवाज़े के पास खड़ी हूँ. यहाँ कौन-कौन है?"

"मैं गोपाल!" "दीदी, मैं मुन्नी, इधर!" बघता बघता मुलं तिच्याभोवती जमली. तिचा चुरगळलेला पदर मुन्नीच्या मुठीत होता. गोपाल हळूच म्हणाला, "दीदी, कोई और भी है. कपड़े खड़खड़ करते हैं, बोलता कुछ नहीं."

नोकरी कुसुमला मिळाली. तिचा मला तेव्हा फार हेवा वाटला आणि तो अजून गेलेला नाही.

आता तुमच्या आजोबांना दिसत नाही. खोलीत जाताना मी दारातूनच सांगते, "मी आलेय, सुमती." त्यांचा चेहरा उजळतो. असे चेहरे कुसुमला रोज वर्गभर मिळाले असतील.