उसाच्या दिवसांतली चाकं

कुरकुंभच्या एका औषध कंपनीत, तिथल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, त्या वर्षी आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली. आमचं गाव घोड नदीच्या काठावर. तिथून दौंड, आणि दौंडवरून पुढं कुरकुंभ. एसटीनं सकाळची पाळी गाठायची म्हणजे रोज जीव टांगणीला. नवरा रांजणगावला कामाला, त्याला न्यायला कंपनीची बस यायची. त्यामुळं गाडी माझ्यासाठी होती आणि चालवणारीही मीच होते.

गाडी दारात आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला ओवाळलं आणि लगेच आत बसून देवळापर्यंत चक्कर मारून आल्या. आबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरच बसून राहिले. त्यांची उभी हयात उसाचा ट्रॅक्टर चालवण्यात गेलेली. दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून त्यांनी ट्रॅक्टर सोडला होता. मी म्हटलं, "आबा, चला ना." तर म्हणाले, "बसंन की कवातरी." पण ते बसले नाहीत. महिना गेला, दोन महिने गेले, दौंडच्या बाजाराला जायचं असलं तरी ते एसटीनंच जायचे. सुनेनं गाडी चालवायची हे त्यांना रुचलं नसणार, असं मी मनाशी धरलं. विचारायची हिंमत काही झाली नाही.

दिवाळी झाली, साखर कारखाने सुरू झाले आणि आमच्या रस्त्याची रया गेली. गावातून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तीनेक मैल काळ्या मातीचा कच्चा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. उसाच्या ट्रेलरनी त्यात दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, त्यात पाटाचं पाणी उतरलेलं आणि वर पहाटेचं दव. थंडीत ती माती वाळतच नाही. माझ्या गाडीची चाकं लहान, तीही झिजलेली. एका सकाळी धुक्यात गाडी चाकोरीत उतरली आणि पोट मधल्या उंचवट्यावर टेकून बसली. चाकं नुसती गरगर फिरत राहिली. शेवटी मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून ओढून काढली. कामावर पोचायला तासभर उशीर झाला आणि कपड्यांवर गुडघ्यापर्यंत चिखल.

त्या ट्रॅक्टरवाल्यानं संध्याकाळी आबांना चारचौघांत ऐकवलं, "आबा, सूनबाईचा रणगाडा काढला बरं का सकाळी. म्हणावं, थंडीचे चार महिनं घरी बसा." सगळे हसले. हे मला सासूबाईंनी सांगितलं. आबा काय म्हणाले, असं मी विचारलं. "काय न्हाई. उठून आले घरी."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी कपडे वाळत घालत होते. पाहते तर आबांनी गाडीची स्टेपनी काढून अंगणात आडवी टाकलेली. तिच्यावर वर्तमानपत्र पसरून ते अंगठ्यानं दाबत होते. कागदावर चार नटांच्या भोकांचे आणि मधल्या मोठ्या भोकाचे ठसे उमटले होते, अगदी स्पष्ट.

"काय करताय आबा?"

"माप घेतोय. उसाच्या दिवसात ही चाकं चालायची न्हाईत. मोठ्या गाडीची चाकं बसवू हिला. जाड नक्षीची. दोन बोटं उंच झाली तरी पोट टेकायचं न्हाई."

"दुसऱ्या गाडीची चाकं हिला बसतील?"

"भोकं जुळली तर बसत्यात. चल, घी गाडी. दौंडला जाऊ."

असं म्हणून ते पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले. कागदाची घडी दोन्ही हातांत धरून, ताठ. भीमेचा पूल ओलांडला तेव्हा म्हणाले, "हळू घेतीस. चांगलं हाय."

दौंडला स्टेशनच्या पलीकडं जुन्या चाकांचं एक दुकान आहे. दुकानदार चाचा आबांच्याच वयाचे, ट्रॅक्टरच्या दिवसांपासूनची ओळख. त्यांनी आधी चहा मागवला, मग कागद बघितला आणि मागच्या ढिगातून एक डिस्क ओढून काढली. डिस्क म्हणजे टायर बसवायचं लोखंडी चाक. आबांनी कागद वर ठेवला, बोटं फिरवली आणि म्हणाले, "चारी भोकं जुळली. बसतंय."

मी शेजारीच उभी होते. मला दिसलं की चार भोकं जुळली होती, पण मधलं भोक कागदावरच्या ठशापेक्षा लहान होतं. डोळ्यांना सहज दिसण्याइतकं लहान. मी म्हटलं, "आबा, मधलं जुळत नाही."

आबांनी पुन्हा बोट फिरवलं. सावकाश, कडेकडेनं. मग कागद उचलून अगदी नाकाजवळ नेला. उन्हाकडं तोंड केलं, परत सावलीकडं केलं. चाचा त्यांच्याकडं बघत होते आणि मी चाचांकडं. मला एकदम उमगलं की आबांना दिसत नाहीये.

"पोरीची नजर चांगली हाय," चाचा हळूच म्हणाले. "मधलं भोक सुताभर लहान हाय, घासून मोठं करता येईल. पण मी न्हाई करून देनार. चाक हाय, त्यावर मानसं बसत्यात."

मग त्यांनी माझ्या गाडीच्याच कंपनीच्या मोठ्या गाडीची, टॅक्सीला चालायची तसली, चार चाकं काढली. या वेळी आबांनी कागद माझ्या हातात दिला. "तू बघ," म्हणाले. मी एकेका चाकावर कागद ठेवून पाहिला. चारी भोकं आणि मधलं, सगळं जुळलं. टायर जुने होते, पण नक्षी खोल होती आणि कुठं चीर नव्हती. तेही आबांनी मलाच बघायला लावलं. टायर वाकवून, आतून, बाहेरून.

परतताना पुलाच्या अलीकडं मी गाडी बाजूला घेतली. "आबा, कधीपासून?"

त्यांनी नदीकडं तोंड केलं. मग म्हणाले, "दोन वर्सं झाली. धुक्यात बसल्यागत दिसतंय. एकदा ट्रॅक्टर घेऊन येत हुतो, समोर सायकलवर मानूस हुता, तो दिसलाच न्हाई. वाचला बिचारा. त्या दिवशी चावी ठेवली."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय झालंय."

मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हटलं, "मला वाटायचं, मी गाडी चालवते ते तुम्हाला आवडत नाही. म्हणून तुम्ही बसत नाही."

आबांनी वळून माझ्याकडं पाहिलं. "अगं, बसलो असतो तर तू म्हनली असतीस, आबा, तुम्ही घ्या की चालवायला. मग मी काय सांगनार हुतो?"

मी खरंच तसं म्हटलं असतं. पहिल्याच दिवशी म्हटलं असतं.

"कुनाला सांगू नको," ते म्हणाले.

"नाही सांगत. पण चाकं बसली की डोळ्यांच्या डॉक्टरकडं यायचं."

"आधी चाकं बसू दे."

त्या दुपारी आम्ही दोघांनी चाकं बदलली. जॅक मी लावला, नट मी काढले. आबा बाजूला बसून हात लावून सांगत होते. "एक घट्ट, मंग त्याच्या समोरचा. गोल फिरू नको, चाक तिरकं बसंल." चारी चाकं बसल्यावर त्यांनी मला अंगणातच गाडी पूर्ण वळवायला लावली. पुढच्या डाव्या चाकाकडून खर्र खर्र आवाज आला. आबा तिथंच मातीत आडवे झाले आणि चाकाच्या वरच्या पोकळीत हात घालून चाचपू लागले.

"हितं घासतंय. प्लास्टिक गुळगुळीत झालंय. बघ."

मी वाकून पाहिलं. त्यांचं बोट बरोबर त्याच जागी होतं. त्यांनी जागा दाखवली आणि मी करवतीच्या पात्यानं आतल्या प्लास्टिकची कड कापली. पुन्हा वळवून पाहिलं, आवाज गेला. "आता काटा साठ दाखवील तवा गाडी त्याच्या जरा पुढंच असंल," त्यांनी बजावलं. "चाक मोठं झालंय. ध्यानात ठेव."

सोमवारी सकाळी मी निघाले तर आबा स्वेटर घालून गाडीत आधीच बसलेले. कच्च्या रस्त्यावर चाकोऱ्या आल्या तसं म्हणाले, "आत उतरू नको. एक चाक उंचवट्यावर, एक कडंला. पाय हलवू नको, हाय त्याच वेगात जाऊ दे." गाडी थोडी डोलली, मागची बाजू जरा घसरली आणि पलीकडं निघाली. खाली काही टेकलं नाही. मोठ्या रस्त्यावर ते उतरले आणि धुक्यातून पायी परत गेले. पाठमोरे, हात पाठीमागं बांधून. चार दिवसांनी त्यांनी सगळे नट पुन्हा आवळून घ्यायला लावले. त्यानंतर त्या हंगामात माझी गाडी एकदाही अडकली नाही.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. पौष सरता सरता दौंडच्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तोवर घरात सगळ्यांना कळलं होतं, मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. रात्रभर दवाखान्यात ठेवून सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, थेंब कसे घालायचे ते समजावलं आणि काळा चष्मा दिला. मी त्यांचा हात धरून बाहेर आणलं. दारातच गाडी उभी होती.

आबा थांबले. चष्मा थोडा वर करून गाडीकडं पाहत राहिले.

"ही आपली?"

"आपलीच की."

"लाल हाय?"

"लालच आहे आबा. पहिल्यापासून."

"आगं, मला वाटलं तपकिरी घेतलीस." ते गाडीजवळ गेले, टपावरून हात फिरवला. "म्हनलं, काय हा रंग. पन असू दे, पोरीची आवड."

मी हसायला लागले ती थांबेचना. दवाखान्याच्या पायऱ्यांवरची माणसं बघायला लागली. आबाही हसले, डोळ्याला धक्का लागू नये म्हणून बेतानं. मग पुढचं दार त्यांनी स्वतः उघडलं आणि घरी येईपर्यंत काचेतून दिसेल ते मला सांगत राहिले.