शेजाऱ्यांचा जबाब

माझी बायको श्रीलंकेची. मस्कतच्या एका दवाखान्यात ती नर्स होती, मी तिथंच लॅबमध्ये. लग्न करून सोलापुरात आलो. आठ वर्षांनी तिनं भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि कलेक्टर ऑफिसातून तिचे कागद पोलिसांकडं चौकशीला गेले.

साध्या कपड्यातला एक हवालदार घरी आला. चपला न काढता आत शिरला, खुर्ची ओढून पंख्याखाली बसला. मी दिलेलं पाणी त्यानं बाजूला सारलं.

"भाऊ काय करतो? मिल्ट्रीत होता का कधी?"

"बेकरी आहे त्याची," बायको म्हणाली.

"तिकडं कुणी विचारत नव्हतं म्हणून हितं आला का?"

"नवरा इथला आहे, म्हणून आले."

तो माझ्याकडं बघून हसला. "बाई मराठी झकास बोलतात की. पाठ करून घेतलं व्हय?"

मी उठलो. बायकोनं माझं मनगट धरलं. त्याला तेव्हाच हाकलायला हवं होतं, असं आजही वाटतं. पण अहवाल तोच लिहिणार होता.

आमच्याकडून तो समोरच्या घरी गेला. तिथले काका निवृत्त कारकून. काकूंच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या बायकोनं तीन आठवडे रोज जाऊन त्यांची जखम धुतली होती. त्यामुळं मी निर्धास्त होतो.

दोन महिन्यांनी आम्हाला कलेक्टर ऑफिसात बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी मान वर न करता पोलिसांचा अहवाल वाचून दाखवला, "सदर महिला दररोज दुपारी गच्चीवर जाऊन परकीय भाषेत फोनवर बोलते, असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे."

"साहेब, आईशी बोलते मी."

"ते आम्हाला कसं कळणार?" फेरचौकशीचा शेरा मारून त्यांनी फाईल मिटली.

घरी न जाता मी थेट काकांच्या दारात उभा राहिलो. ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यात खोटं काय हाय?"

"आईशी बोलते हे ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"मला कुटं ती भाषा कळती?"

"काकूंची जखम धुताना कुठली भाषा बोलत होती ती?"

काकू आत उभ्या होत्या. काकांनी दार लावून घेतलं.

बायकोनं गच्चीवर जाणं सोडलं. आठवड्यातून एकदा, खिडक्या लावून, घाईघाईनं आईशी बोलायची. लेक रागावली, असं म्हातारीला वाटायचं. खरं कारण हिनं तिला कधी सांगितलं नाही.

फेरचौकशीत वर्ष गेलं. मग मंजुरी आली, तिचा जुना पासपोर्ट जमा झाला आणि एका दुपारी तिनं कलेक्टर ऑफिसात शपथ घेतली. परतलो तर काका फाटकाशी पेढे घेऊन हजर.

"अभिनंदन सूनबाई! आता तुमी पक्क्या आमच्या झाला."

तिनं पेढा घेतला, तिथंच उभ्यानं खाल्ला, आभारही मानले.

घरात आल्यावर मी भडकलो. "का खाल्लास तो?"

"तुझं हे गाव आहे, तू कुणाशीही भांडशील," ती ओढणी काढत म्हणाली. "मला इथं राहायचंय."

काकांशी मी आजही बोलत नाही. काकूंचं बीपी बघायला ती मात्र जाते, आणि ती परत येईपर्यंत माझा जीव नुसता जळत असतो.