बंबकाकांचा खुलासा

अग्निसुरक्षेचं खातं तीस वर्षांत चार विभागांकडे फिरलं, पण तिथले कारकून बंबकाका एकाच खुर्चीत राहिले. बदलायची ती दारावरची पाटी. यंदा खातं पाचव्या विभागाकडे गेलं, त्याने मात्र निधीबरोबर सामानही नेलं, अगदी भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडंसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या सिगारेटने कचऱ्याची टोपली पेटली.

"आता हे कोणाकडे येतं?" साहेबांनी खुर्चीवर चढत विचारलं.

"नव्या विभागाकडे," म्हणत काकांनी चहाची अख्खी किटली टोपलीत रिकामी केली.

आठवड्याने नव्या विभागाचं पत्र आलं. आग हस्तांतरणानंतरची असल्याने ती विझवण्याचा अधिकार आपणांस नव्हता, खुलासा करावा.

काकांनी शांतपणे लिहिलं, "चूक मान्य. टोपली जपून ठेवली आहे. आपला माणूस येताच पुन्हा पेटवून ताब्यात देतो."