पाण्याची नळी

काल मेकॅनिकने माझ्या स्कूटरची जुनी पेट्रोलची नळी काढून हातात दिली. पिवळी पडलेली. वाकवली तशी मोडली, आणि त्या पेट्रोलच्या वासासरशी मी मनाने उल्हासनगरच्या पाइपच्या दुकानात अण्णांशेजारी, माझ्या वडिलांशेजारी, जाऊन उभा राहिलो.

ते कामाला होते ती अंबरनाथची केमिकल कंपनी बंद पडल्यावर अण्णांनी भाडी मारायला एक मोडकी गाडी विकत घेतली होती. इंजिन त्यांनी स्वतः जोडलं, फक्त पेट्रोलची नळी राहिली होती. त्यांचा हात तांब्याच्या नळीकडे गेला. मी पारदर्शक प्लास्टिकची उचलली. तुमच्या कंपनीत ॲसिडसुद्धा प्लास्टिकच्या कॅनमधून यायचं, पेट्रोलने काय होणार, असं मी ठासून सांगितलं.

"साहब, ये पानी का पाइप है," दुकानदार म्हणाला.

"सेठ, लडका बी.एस्सी. है," अण्णा हसले. "हमारे खानदान में पहला."

चार महिन्यांत ती नळी कडक होऊन तडकली आणि बदलापूरच्या रस्त्यावर गाडी पेटली. अण्णा वाचले, गाडी गेली. बघायला आलेल्या शेजाऱ्यांना ते भाजलेला हात धरून सांगत होते, "उल्हासनगरवाल्याने फसवलं हो, दुसरं काय!" माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मीही होकारार्थी मान हलवली.

पुढे अण्णा एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन झाले. तिथेही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पोरगा ग्रॅज्युएट आहे.

दुकानदार काय म्हणाला होता, ते घरात आम्हा दोघांनाच माहीत होतं. आता अण्णा नाहीत.