आकाशातले क्रियाशील सभासद

नानांच्या बॅगेला विमानतळावरच्या पट्ट्यांचं एवढं जंगल लटकलेलं असायचं, की ती दारात ठेवली की पोळ्याला सजवलेल्या बैलासारखी दिसायची. सामानाला चिकटवलेली ती कागदी पट्टी घरी आल्यावर लोक फाडून टाकतात, हे मला पुण्यात कॉलेजला आल्यावर कळलं. नानांनी एकही फाडली नाही. जुन्या पट्टीला खेटून नवी, असं चाललेलं. एकदा केजच्या एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "नाना, आत कपडे हायेत का नुसत्या चिठ्ठ्याच?" नाना म्हणाले, "आत धोतर हाय. इज्जत भायेर ठिवली हाय, लोकांना दिसावी म्हनून."

आमचं गाव युसूफ वडगावपासून आत. नाना आमच्या शेजारच्या घरातले आणि दूध संघाचे संचालक. संघाला दुधाच्या भुकटीचा कारखाना हवा होता आणि त्याचा कागद दिल्लीतल्या एका कचेरीत अडकून पडला होता. कचेरीची रीत अशी, की दोन महिने चिडीचूप बसायचं आणि एके दिवशी दुपारी फोन करून सांगायचं, उद्या या. रेल्वेनं उद्या पोहोचता येत नाही. म्हणून संचालक मंडळानं ठराव करून नानांना विमानाची मंजुरी दिली, आणि ज्या माणसाचा सगळा जन्म गोठ्यात गेला तो महिन्या-दोन महिन्यांनी आकाशात जायला लागला. माझे आईवडील ऊसतोडीला जात. ते बाहेर असले की मी नानांच्या घरी काकूंच्या हातचं जेवायचे. हे सगळं मी जेवता जेवता ऐकलेलं आहे. ते मला नीट सांगता येईल की नाही याची थोडी भीती वाटते, कारण परीक्षेच्या पेपराबाहेर मी फारसं काही लिहिलेलं नाही.

एकदा विमानतळावरच्या कुणीतरी नानांच्या हातात दोन कंपन्यांची माहितीपत्रकं दिली. सभासद व्हा, उडाल तसे पॉइंट साठतील, पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. एक कंपनी औरंगाबादहून सरळ दिल्लीला न्यायची, पण पाणीसुद्धा विकत द्यायची आणि पॉइंट हात आखडून. दुसरी मुंबईवरून फिरवून न्यायची, वर जेवण आणि पॉइंट भरपूर. नानांनी हाक मारली, "ए कॉलेज, इकडं ये. काय लिवलंय वाच." मी तेव्हा नववीत होते, पण ते मला कॉलेजच म्हणायचे. मी अडखळत वाचत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते, उपविधी ऐकावेत तसे.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "काटा कुनाचा?" मला कळेना. नाना म्हणाले, "अगं, ऊस घालताना आपन काय बघतो? भाव नंतर. आधी वजनकाटा कुनाच्या हातात हाय ते." मी सांगितलं, पॉइंट कंपनीच मोजते. "म्हंजे ऊस आपला आन काटा त्यांचा. बरं. फुडं." पुढं लिहिलं होतं, ठरावीक मुदतीत वापरले नाहीत तर पॉइंट रद्द. "म्हंजे तोड वेळेवर आली न्हाई की फडातच वाळला. फुडं." पुढं लिहिलं होतं, वर्षभरात पुरेसं उडला नाहीत तर तुम्हाला खालच्या पायरीवर आणलं जाईल. इथं नानांनी डोळे उघडले. "क्रियाशील सभासद आन अक्रियाशील सभासद! हे तर आपल्या संघाचंच उचललंय की ह्यांनी. आता सर्वसाधारण सभा कवा असती ते बघ."

सभा कुठंच नव्हती. मी पत्रक उलटून पालटून पाहिलं, पण सापडली नाही. नाना अस्वस्थ झाले. सभासद करायचं आणि सभा घ्यायची नाही, हे त्यांच्या डोक्यात बसेना. त्यांनी दोन्ही कंपन्यांना माझ्याकडून मेल लिहून घेतला, की आपल्या वार्षिक सभेची तारीख कळवावी, येण्याजाण्याचा खर्च आम्ही आमचा करू. एका कंपनीनं उत्तरच दिलं नाही. सरळ दिल्लीला जाणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं, की आपण बहुमोल सूचना केल्याबद्दल आभारी आहोत. झालं. जेवण, पॉइंट, पायऱ्या सगळं बाजूला राहिलं. "ज्यानं पोच दिली त्याच्याकडं ऊस घालायचा," नाना म्हणाले. सभासद होताना ई-मेलचा पत्ता मागितला. नानांचा नव्हता, म्हणून माझा टाकला. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात राहण्यासारखी नव्हती.

पोच देणाऱ्या कंपनीच्या विमानात खायला मिळत नाही, म्हणून नाना मांजरसुंब्याला उतरून धाब्यावरून भाकरी, पिठलं आणि ठेचा बांधून घ्यायचे. विमान सरळ झालं की फडकं सोडायचे. त्यांच्या सांगण्यानुसार टायवाले साहेब आधी नाक मुरडायचे, मग तिरके बघायचे आणि शेवटी मोबाइल खिशात ठेवून म्हणायचे, थोडा देंगे क्या? एकदा हवाई सुंदरीच येऊन उभी राहिली. नानांना वाटलं आता उतरवते. ती हळूच म्हणाली, "काका, मी लातूरची." नानांनी तिला अर्धी भाकरी दिली. "बिचारी उभ्यानंच खाल्ली पडद्यामागं," ते सांगायचे. "एवढ्या मोठ्या कंपनीत लेकराला बसून खायाची सोय न्हाई."

ते फुकटचं तिकीट काकूंसाठी होतं. नानांनी तसं पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं. काकूंनी विमान म्हणजे खळ्यावरून जाणारी पांढरी रेघ एवढंच पाहिलेलं. ताट वाढता वाढता त्या रोज विचारायच्या, "कुटवर आलं?" नाना म्हणायचे, "आलंच." विकत तिकीट काढायला नानांचा जीव धजत नव्हता. तेव्हा दुष्काळ होता. "गाव टँकरखाली घागरी घेऊन उभं हाय आन मी बायकूला इमानात बसवू? लोक तोंडात शेन घालतील," ते म्हणायचे. फुकट मिळालेल्याला मात्र कुणी बोलणार नाही, असा त्यांचा हिशोब. काकूंनी एक हिरवं लुगडं वेगळं काढून ट्रंकेत ठेवलं होतं. लेकीच्या बाळाच्या बारशालासुद्धा त्यांनी ते नेसलं नाही.

त्या वर्षी संघाची वार्षिक सभा चारा छावणीत भरली. दुसरीकडं कुठं बोलावलं असतं तर गणसंख्या झाली नसती, कारण सगळे सभासद जनावरांबरोबर छावणीतच राहायला होते. चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, ढिगावर अध्यक्ष बसले. नफा-तोटा पत्रकाला गुरांनी हंबरून मंजुरी दिली. मग बापू उठले. बापू म्हणजे नानांचे शाळेपासूनचे दोस्त आणि तेव्हापासूनचेच विरोधक. नानांनी केलेला एकही ठराव त्यांनी विरोधाशिवाय जाऊ दिला नव्हता.

"माजा एक प्रश्न हाय," बापू म्हणाले. "नाना संघाच्या पैशानं उडतेत. मंग ते पाइंट नानाच्या नावावर कावून? पाइंट संघाचे हायेत. सगळ्या सभासदांचे हायेत."

लोक हसले. नाना हसले नाहीत. सभेच्या कडेला, म्हशींच्या पलीकडं बायका उभ्या होत्या, त्यात काकू होत्या. नानांनी तिकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर हाय. दूध समद्यांचं आन साय एकट्यानं खायाची, हे बसत न्हाई." काकूंनी पदर नीट केला आणि माझा हात धरून घराकडं वळल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "ह्या मानसाला खोटं बोलाया कुनी शिकीवलंच न्हाई. लई तोटा झाला माजा."

पण तिकीट एक आणि सभासद ढीगभर. तेव्हा सहकारातला नेहमीचा उपाय निघाला, ईश्वरचिठ्ठी. पेंडीच्या घमेल्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या, अध्यक्षांच्या नातीचे डोळे झाकून तिला एक काढायला लावली. नाव निघालं बापूंचं.

बापूंचा चेहरा तेव्हा मी पाहिला नाही, पण ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. बापू विमानाला भयंकर भ्यायचे. आधी म्हणाले, कान दुखतो. मग म्हणाले, म्हैस गाभण हाय. ती म्हैस गाभण नाही हे सगळ्या छावणीला माहीत होतं, म्हशीलाही माहीत होतं. पण तिकीट नको असंही ते म्हणेनात. भर सभेत हक्क मागून घेतलेला, आता सोडायचा कसा? तिकडं पॉइंटांची मुदत संपत आलेली. नाना रोज संध्याकाळी छावणीत जाऊन त्यांच्या बाजेवर बसायचे.

"बापू, ऊस वाळाया लागला."

"जाईन की. कावून मागं लागला बे?"

"तू तारीख तर सांग."

"म्हैस विऊ दे."

तू नाही जात तर ते तिकीट माझ्या बायकोला दे, एवढं वाक्य नाना बोलले असते तर संपलं असतं. ते बोलणार नाहीत हे काकूंना माहीत होतं. पॉइंट वाळायला थोडेच दिवस उरले तेव्हा त्या स्वतः उठल्या, ताकाची किटली घेतली आणि मला म्हणाल्या, "चल." छावणीत चार माणसं बापूंभोवती बसलेली. काकूंनी ताक ओतलं आणि पदर सावरून म्हणाल्या, "भावजी, तुमच्या मागं कामं लई. संस्थेला सवड नसली की संस्था सभेला प्रतिनिधी धाडती. तुमी मला प्रतिनिधी नेमा."

इतकी वर्षं ताट वाढताना कानावर पडलेला सहकार असा बाहेर आला होता. बापूंच्या तोंडावर सुटका झाल्याचं स्पष्ट दिसत होतं, पण ते बापू होते. "ठराव लागंल," ते म्हणाले. "आन येऊन अहवाल द्यावा लागंल, वहिनी. छावनीत. समद्यांफुडं."

"दीन की," काकू म्हणाल्या.

नानांची दिल्लीची खेप ठरलेलीच होती. काकू हिरवं लुगडं नेसून गेल्या आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी छावणीत सभा बसली. संघाच्या सभेत त्याआधी कुणी बाई बोललेली मी ऐकली नव्हती. काकू खाली बघून बोलायला लागल्या.

"इमान सुटताना पोटात खड्डा पडतो. भावजी गेले असते तर वरडले असते."

सगळी छावणी हसली. बापूसुद्धा हसले.

"वरून लई वेळ नुसतं तांबडं दिसलं. मंग एक तळं दिसलं, कोरडं. मी म्हनलं, आपलं का हो? हे म्हनले, कुनाचं का असंना, कोरडं हाय म्हंजे आपलंच. मंग ढग लागले. खालून आपन ज्यांची वाट बघून डोळे फोडतो, ते वर आरामात पसरून पडलेत, पिंजलेल्या कापसावानी. लोक म्हनतेत देव वर असतो. मी हात जोडले न्हाईत. शिवी दिली."

पुन्हा हशा झाला. बापूंनी विचारलं, "आन कचेरी?"

काकू थांबल्या. त्यांनी नानांकडं पाहिलं आणि मग पहिल्यांदा मान वर करून बोलल्या. "कचेरीत ह्यांना खुर्ची न्हाई. एवढ्या खेपा झाल्या, आपल्याला वाटतं नाना सायबाफुडं बसून बोलतेत. हे व्हरांड्यात उभे असतेत. सायेब जेवाया गेलते. आले. उद्या या म्हनले. शिपाई मला म्हनला, माताजी, तुमी बसा. मी न्हाई बसले. हे उभे हायेत म्हनल्यावर मी कशी बसू? एवढाच अहवाल हाय."

नाना जनावरांकडं बघत होते. बॅग, पट्ट्या, टायवाले साहेब, सगळ्या गोष्टी ते इतक्या रंगवून सांगायचे, की त्यात व्हरांडा कधी आलाच नव्हता. मग बापू उठले. म्हणाले, "अहवाल मंजूर करावा. सूचक मी." नानांच्या बाजूनं बापू बोलले ते तेवढंच.

भुकटीचा कारखाना आला नाही. पुढं पाऊस झाला, छावणी उठली, संघ हळूहळू खंगला. नानांचं उडणं थांबलं आणि कंपनीनं त्यांना सगळ्यात खालच्या पायरीवर आणून ठेवलं. तो मेल मीच त्यांना वाचून दाखवला. "अक्रियाशील केलं," ते म्हणाले. "नोटीस न्हाई, सुनावनी न्हाई." पण पट्ट्या त्यांनी काढल्या नाहीत. मी पुण्याला निघाले तेव्हा ते एस.टी.पर्यंत आले होते. सगळे सांगतात तसं, अभ्यास कर, असं काही म्हणाले नाहीत. खिडकीखालून वर बघत म्हणाले, "तिकडं कुनीबी सभासद हो म्हनलं, तर आधी काय इचारशील?" मी म्हणाले, "काटा कुणाचा." ते खूश झाले.

मागच्या वर्षी नाना गेले. मी दहाव्याला पोहोचले. बॅग कोनाड्यात होती, सजवलेली.

गेल्या महिन्यात होस्टेलवर असताना माझ्या मेलवर कंपनीचा निरोप आला. वर नानांचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, आपण बरेच दिवस आमच्यासोबत प्रवास केला नाही, आम्हाला आपली आठवण येते. खरं तर तो मशीननं पाठवलेला मजकूर, मला समजतं ते. तरी मी काकूंना फोन लावला आणि मराठी करून वाचून दाखवला. काकूंनी तो मला पुन्हा एकदा वाचायला लावला. मला वाटलं, उगाच वाचलं.

मग त्या म्हणाल्या, "ह्यांनी मानसं वळखली व्हती. बघ, अजून पोच देतेत." आणि जरा थांबून, "लिही त्यांना. सभासद वारले म्हनावं, पर वारस हाय. नोंद करून घ्या. आन सभा लावली तर कळवा, मी येनार हाय. अहवाल द्याया येतो मला."

मी लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही.