हवेतला पाय

माझी भाची सायली हिनं काल दुपारी मला एका नव्या गेमचा डेमो खेळायला दिला. गेम दूरच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर चालतो, आपल्याकडे नेटवरून नुसतं चित्र येतं म्हणाली. गेममधली माझी बाई दरीवरच्या पुलावर निम्म्यात पोचली आणि चित्र अडकलं. घाबरून मी बटण दाबत सुटले.

"मावशी, दाबू नकोस. थांबलंय ते फक्त आपल्याला. तिकडे सगळं चालूच आहे."

चित्र परत आलं तोवर माझी सगळी घाई एकदम तिकडे पोचली होती. पुलावर कुणी नव्हतं.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. ती गावी एकटी असते. फोन ओट्यावर टेकवून ती लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर चढली आणि एक पाय हवेत असतानाच चित्र अडकलं. ओरडायला मी तोंड उघडलं, पण माझी हाक अवेळी पोचून ती दचकली तर? तोंडावर हात दाबून मी त्या पायाकडे बघत राहिले. कॉल नसतो तेव्हाही ती अशीच दिवसभर चढत-उतरत असणार. ते न दिसण्याची मी सवय करून घेतली आहे, एवढंच.

मग आवाज आला. "अगं, तोंडावर हात ठेवून अशी काय बसलीस? हलेचनास. माझा जीव नुसता खालीवर झाला."

बरणी तिच्या हातात होती. मी हात काढला, हसलेसुद्धा.

तरी ती म्हणतच राहिली, "काढ गं तो हात."