कप्तानाचा खुबा

गल्लीत त्याला कप्तान म्हणतात. फौजेत तो होता ट्रक ड्रायव्हर, रिटायर झाला हवालदार म्हणून. पण कडक इस्त्री आणि ताठ मान बघून लोकांनीच त्याला बढती देऊन टाकली. घाटात ट्रक उलटला तेव्हा त्याच्या डाव्या खुब्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी आत लोखंड घातलं आणि कागदावर लिहिलं, पन्नास टक्के अपंग. आज त्या पन्नास टक्क्यांवर त्याच्या बायकोचा जीव टिकून आहे. पन्नास किंवा वर असेल तर बायकोलाही त्याच्या कार्डावर सरकारी उपचार फुकट, आणि तिच्या दोन्ही किडन्यांनी केव्हाच हात वर केलेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

आता नियम असा, की दर पाच वर्षांनी अपंगाने डॉक्टरांच्या बोर्डासमोर येऊन दाखवायचं, की तो अजून अपंग आहे. चुरा झालेला खुबा मधल्या काळात आपोआप सांधला की काय, याची साहेबांना काळजी. असले नियम कुठल्या डोक्यातून निघतात देव जाणे, पण ते डोकं जन्मात कधी रांगेत उभं राहिलेलं नसतं एवढं नक्की.

कप्तानाला बोलावणं आलं. आदल्या दिवशी शेजारचा बिगुल्या, हाही रिटायर फौजी, शहाणपण शिकवायला आला.

"काठी घे. दाढी करू नको. वाकायला सांगितलं की कण्ह. मी तेच केलं, माझे दहा टक्के वाढले."

"पण तुझ्या पायाला झालंय काय?"

"ते त्यांना तरी कुठे माहीत आहे."

कप्तानाला शिसारी आली. "असली सोंगं मला जमायची नाहीत," म्हणाला. बायको म्हणाली, "अहो, काठी तरी न्या." ऐकेल तर शपथ.

आणि गडी गेला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा कोट, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश. लिफ्ट बंद, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. कठड्याला हात न लावता चढला. बोर्डासमोर टाचा जुळवून उभा राहिला. वरिष्ठांसमोर लंगडत जायचं नाही, हे त्याच्या हाडात भिनलेलं, मोडलेल्या हाडातसुद्धा. मधल्या डॉक्टरने चहाच्या कपावरून डोळे वर केले आणि "चाला" म्हणाला. हा दात-ओठ आवळून दहा पावलं परेडसारखा चालला. "छान," डॉक्टर म्हणाला. एक्स-रेचं पाकीट त्याने उघडलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. तीस टक्के. कार्ड महिनाअखेर बंद, हरकत असल्यास अपील करावे.

डायलिसिसच्या खोलीत बायकोने नर्सला हळूच विचारलं, "दोनदाऐवजी एकदाच केलं तर किती दिवस निघतील?" हे त्याने दारातून ऐकलं. तसाच उलट्या पावली फिरला आणि थेट बिगुल्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"शिकव," म्हणाला.

अपिलाच्या दिवशी दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाची दोन बटणं तुटलेली, हातात बिगुल्याची काठी. या वेळी लिफ्ट चालू होती. तोच डॉक्टर, तोच चहा. कप्तान दारातच कण्हला, दोन पावलांत खुर्चीला लटकला. "अरेरे, बसा बसा," डॉक्टर म्हणाला, आणि लिहितालिहिता मान हलवून पुढे, "आता कसं, केसला साजेसं दिसताय." साठ टक्के. पाकीट आजही बंदच. त्या खोलीत थुंकावंसं वाटलं त्याला. कुणावर, हे मात्र ठरेना. स्वतःचाही काही कमी वीट आला नव्हता.

घरी आला तो काठीवर रेलत, पाय ओढत.

"कार्ड राहिलं," त्याने सांगितलं.

किती दिवसांनी बायकोच्या तोंडावर हसू आलं. तो कण्हत मोरीपर्यंत गेला, भिंतीला धरून चूळ भरली, तसाच भिंत धरून परत फिरला.

"अहो, आता पुरे करा की सोंग," ती हसत म्हणाली. "इथे कोण बघतंय?"

"हे सोंग नाही गं," तो म्हणाला. "एवढं दुखतंच. इतकी वर्षं तुझ्यासमोर ताठ चालत होतो ना, ते सोंग होतं."